पर्समधली तीन स्थळं आणि एक एचेबेरिया

सिंगापूरहून परत आल्यापासून साताऱ्यात जो भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" पाहिलं की. पक्ष्यांचं उद्यान पाहिलं, तोंडातून पाण्याची चूळ टाकणारा तो सिंह पाहिला, केबल कारमध्ये बसून डोळे घट्ट मिटून घेतले. पण हे सगळं टूरवाल्यांच्या पत्रकात फोटोसकट मिळतं. मी सांगणार आहे ती एका आडनावाची हकिगत, कारण माझी तिथली सगळी फजिती त्या आडनावापायी झाली.

आधी माझा तोरा सांगते, म्हणजे तो कसा उतरला ते कळेल. मी सुनंदा घाडगे. वधूवर सूचक केंद्र चालवते. आडनाव सांगा, मी गाव सांगते. गाव सांगा, मी देवक आणि मामाचं घराणं सांगते. लोक म्हणायचे, सुनंदावहिनींना आडनाव कळलं की पत्रिका नको. मी तोंडाने "छे हो" म्हणायचे आणि मनात म्हणायचे, खरंच आहे.

माझी मुलगी सायली सिंगापूरला सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन हजार सातच्या पावसाळ्यात तिचा फोन आला. "आई, एक मुलगा आहे. मिकेल एचेबेरिया."

सवयीने मी विचारलं, "कुठले?"

"बास्क आहे तो."

"बास्क म्हणजे काय जात?"

पलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आई, जात नाही गं, भाग आहे. स्पेन आणि फ्रान्सच्या मधला. डोंगराळ." डोंगराळ म्हटल्यावर मला आपली जावळी दिसली, तेवढाच धीर आला. पण एचेबेरिया? हे आडनाव माझ्या डोक्यातल्या कुठल्याच कप्प्यात बसेना. मुलगी शेवटी म्हणाली, "डिसेंबरात त्याची आई येतेय. तूही ये. बघ, बोल, पटलं तर इथेच साखरपुडा करू. तुझ्याशिवाय मला करायचा नाहीये." आवाज जरा ओला झाला होता तिचा. वडील नाहीत तिला, जे काय आहे ते मीच.

मी निघाले. बॅगेत गोडा मसाला, कुळथाचं पीठ, लाडूंचा डबा, साखरपुड्याचं चांदीचं ताट आणि निवडून घेतलेले इंद्रायणी तांदूळ. आणि पर्समध्ये तीन स्थळं. तिन्ही मुलगे पुण्याचे, सिंगापूरलाच नोकरीला, एकाची तर पगाराची स्लिपही जोडलेली. ताट कुणाच्या कामी येईल ते देव जाणे, पण मोकळ्या हाताने जाणं माझ्या धंद्यात बसत नाही.

ईस्ट कोस्ट

सायली ईस्ट कोस्टला एका काँडोत भाड्याने राहते. काँडो म्हणजे आपली सोसायटीच, फक्त पोहण्याचा तलाव आहे आणि गच्चीवर पापड वाळत नाहीत. समुद्र पाच मिनिटांवर. तिच्याबरोबर फ्लॅटमध्ये आणखी एक मराठी मुलगी राहते हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. दार तिनेच उघडलं. नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात संशोधन करते. नाव संघमित्रा.

चपला काढायच्या आत मी विचारलं, "आडनाव काय गं?"

"नवघरे."

"अगं बाई! माझं माहेर नवघऱ्यांचं!" मी तिला मिठीच मारली. परदेशात पाऊल टाकताच माहेरचं माणूस! "कुठले नवघरे तुम्ही?"

"परभणीकडचे," ती म्हणाली. मिठीतून बाहेर येऊन माझ्याकडे नीट बघत तिने पुढचं सांगितलं. "आम्ही बौद्ध, काकू."

"अच्छा," मी म्हणाले.

आता ‘अच्छा’ हा काही वाईट शब्द नाही. पण तो मी ज्या चालीवर म्हणाले ती चाल मला ऐकू आली. तिलाही आली. सायली तर भिंतीकडे बघायला लागली. संघमित्रा मात्र शांतपणे म्हणाली, "या ‘अच्छा’ची मला सवय आहे. चहा टाकू की कॉफी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चहा म्हणाले आणि तो दोनदा मागून घेतला, जसं काही त्याने भरून निघणार होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी मला समुद्राकाठच्या हॉकर सेंटरला घेऊन गेल्या. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली शंभर गाड्या: कुणी माशावर तिखट थापून केळीच्या पानावर भाजतोय, कुणी काडीला टोचलेलं मटण निखाऱ्यावर फिरवतोय. वास असा की पोट भरलेलं असतानाही भूक लागावी. बसायला जागा मात्र नाही. इतक्यात मला एक रिकामं टेबल दिसलं. त्यावर टिश्यूचं एक कोरं पाकीट. काय सोय आहे बघा लोकांची, असं म्हणत मी ते फोडलं, टेबल पुसलं, घाम पुसला, उरलेले पर्समध्ये टाकले आणि ऐसपैस बसले.

थाळ्या घेऊन एक चिनी आजोबा आले. ते माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. मी हसून त्यांना नमस्कारही केला.

सायली धावत आली. "आई, ऊठ! ती त्यांची जागा आहे. इथे टिश्यू ठेवून जागा धरतात!"

अहो, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात माझं आयुष्य गेलं, आणि दुसऱ्याचा रुमाल मी फोडून वापरला! आजोबांची मी मराठीत माफी मागितली. ते म्हणाले, "नेव्हर माइंड, आंटी, सिट, सिट," आणि चक्क बाजूला सरकले. आम्ही एकाच टेबलावर जेवलो. त्यांनी मला त्यांच्यातल्या दोन काड्या मटणही दिलं.

तिथेच मिकेल आला. उंच, नाक धारदार, कपाळ मोठं, जहाजांचा इंजिनिअर. आल्या आल्या वाकून त्याने माझ्या पायाला हात लावला. सायलीने शिकवलेलं दिसत होतं, कारण त्याने एकाच पायाला लावला आणि दुसरा कुठे गेला ते शोधत बसला. मुलगा मला आवडला. तेच तर माझं दुखणं होतं. मुलगा आवडला तरी चौकशी केल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा माझाच नियम.

पलीकडची बिल्डिंग

चौकशी म्हणजे काय ते इकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुलाच्या गल्लीत जायचं, वाण्याकडे पावशेर साखर घ्यायची आणि बोलता बोलता विचारायचं, अमक्यांचा मुलगा कसा आहे हो? वाणी सगळं सांगतो. सिंगापुरात वाणी नाही. पण मिकेल राहतो त्या पलीकडच्या बिल्डिंगखाली सिक्युरिटीचे एक काका बसलेले असतात.

मी तिथे गेले त्याच दिवशी सकाळी मिकेलची आई आली होती. मिरेन तिचं नाव. गाडीतून उतरताना मी तिला लांबून पाहिलं. ठेंगणी, गोरीपान, केस पांढरे आणि आखूड. भेट दुसऱ्या दिवशी जेवताना ठरली होती. पण तिच्या बॅगा लॉबीत ठेवलेल्या होत्या, आणि त्यांना नावाच्या पट्ट्या होत्या. मी वाचल्या. बॅगेवरचं नाव वाचणं हा काही गुन्हा नाही.

मिरेन गोइकोएचेआ.

एचेबेरिया नाही! मुलाचं आडनाव एक, आईचं दुसरंच. माझ्या डोक्यात एका क्षणात सगळं प्रकरण उभं राहिलं. एकतर बाईने दुसरं लग्न केलंय, नाहीतर पहिलंच केलेलं नाही. आणि माझ्या साध्याभोळ्या लेकीपासून हे लपवून ठेवलंय! (माझी लेक साधी नाही आणि भोळी तर मुळीच नाही, पण अशा वेळी आईला ती तशी दिसते.)

मी सिक्युरिटीच्या काकांकडे गेले. साखर नव्हती म्हणून दोन लाडू दिले. मग माझ्या सातारी इंग्रजीत विचारलं, "मिकेल गुड बॉय? फादर सेम फादर?"

काकांनी लाडू खाली ठेवला. "आंटी, कॅनॉट टेल, लाह." (‘लाह’ ही आपल्या ‘हो’सारखी शेपटी, तिथे प्रत्येक वाक्याला लागते.)

"ओन्ली लिटल टेल," मी म्हणाले.

त्यांनी लिटलही टेल केलं नाही. उलट संध्याकाळी मिकेलला फोन करून सांगितलं, की एक इंडियन आंटी लाडू देऊन तुझ्या बापाची चौकशी करत होती, पोलिसांत कळवू का? मिकेलने ते हसत हसत सायलीला सांगितलं. सायली हसली नाही.

घरी येऊन माझ्यासमोर उभी राहिली. डोळे भरलेले. "आई, हे स्थळ नाहीये. हा माझा माणूस आहे. मला लग्न तुझ्यासमोर करायचंय, तुला लपवून नाही. पण उद्या जेवताना तू त्याच्या आईला काही वेडंवाकडं विचारलंस ना, तर मी रजिस्टर लग्न करीन आणि तुला फोटो पाठवीन."

फोटो पाठवीन! जिने परगावच्या शंभर पोरींची लग्नं जमवली तिला स्वतःच्या लेकीचं लग्न पोस्टाने बघायला मिळणार. मी म्हटलं, नाही गं विचारणार, तुझी शप्पथ. आणि मनापासून म्हटलं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा आमचा खानदानी रोग आहे.

घेवड्याचं जेवण

जेवण मिकेलच्या फ्लॅटवर, स्वयंपाक मिरेनचा. दारातून आत गेले तर स्वयंपाकघरात खिळ्याला सुक्या लाल मिरच्यांची माळ टांगलेली. गावाहून आणलेली. पातेल्यात डोकावले तर घेवडा! आपल्या कोरेगावच्या घेवड्यासारखाच गडद, दाट, मंद आचेवर सकाळपासून शिजत ठेवलेला. गूळ नाही, मसाला नाही, पण पहिल्या घासाला मला माझ्या आईचं घर आठवलं. मी पुन्हा वाढून घेतला तेव्हा मिरेनने माझ्या पाठीवर थाप मारली. चांगलीच जोरात.

बोलणं तिघांतून जायचं. मिरेन बास्क भाषेत बोलणार, मिकेल त्याचं इंग्रजी करणार, सायली मराठी. एक वाक्य माझ्यापर्यंत येईस्तोवर पोळी वाळायची. मिरेनचं पहिलंच वाक्य आलं ते असं: "आई, त्या विचारतायत, आपल्या घराचं नाव काय?"

"घाडगे."

"आडनाव नाही. घराचं नाव."

आता आमच्या घराचं नाव ‘श्रमसाफल्य’. ह्यांनी कर्ज काढून बांधलं, म्हणून ते नाव ठेवलं. मी ते सांगितलं, सायलीने अर्थ सांगितला, आणि मिरेनने समाधानाने मान हलवली. मग मिकेल हसू दाबत म्हणाला, की आई आल्यापासून हेच विचारतेय. काल तिने संघमित्रालाही गाठलं होतं, मुलीचं घर कुठलं, कसं, मोठं की लहान? संघमित्रा घास थांबवून म्हणाली, "हो, आणि मला चॉकलेट दिलं." म्हणजे लाडू नाही तर चॉकलेट. घरोघरी मातीच्या चुली.

मग मिकेलने सांगितलं ते असं. त्यांच्याकडे आडनाव घराण्याचं नसतं, घराचं असतं. डोंगरात एकेक सुटं घर, आणि प्रत्येक घराला नाव: वरचं घर, ओढ्याजवळचं घर. जो त्या घरात राहील त्याला ते नाव. लेकीच्या वाट्याला घर आलं आणि जावई राहायला आला, तरी गाव जावयाला घराच्याच नावाने हाक मारायचं. रक्त कुणाचं हे कुणी विचारायचं नाही, कुठल्या दारातून बाहेर आला एवढंच. ‘एचे’ म्हणजे घर, ‘बेरी’ म्हणजे नवं. एचेबेरिया, म्हणजे ते नवं घर.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. संघमित्राने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे.

"नवघरे," ती म्हणाली.

"मग तुमचं घर नवं आहे का?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

मिकेल म्हणाला, "छे, त्याची तुळई किती पिढ्यांची आहे हे आजोबांनाही सांगता यायचं नाही. कधीतरी नवं होतं, नाव चिकटलं." आणि म्हणूनच हे आडनाव त्यांच्याकडे इतकं सापडतं. गाव वाढलं की कुणीतरी नवं घर बांधतंच. या गावातलं वेगळं, त्या गावातलं वेगळं, एकमेकांशी नातं नाही, गोत नाही. पुढे ते लोक गलबतांवरून चिली, अर्जेंटिना, मेक्सिकोला गेले, आडनाव घेऊन गेले, जिथे गेले तिथे ते वेगळ्या तऱ्हेने लिहिलं गेलं. आपल्याकडे मुंबई-गोव्यात घरोघरी असतं ते झेवियर, तेही म्हणे मुळात या नव्या घरातूनच निघालेलं.

"माझा बॉस झेवियर आहे," संघमित्रा म्हणाली. "चिनी. म्हणजे तोही आमच्यातला." मग हात पुसत, अगदी माझ्या आवाजात, तिने मिकेलला विचारलं, "कुठले नवघरे तुम्ही?"

सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले होते. जन्मभर मी आडनावं नाण्यासारखी वाजवून बघत आले, आणि माझं स्वतःचं माहेरचं आडनाव एवढंच सांगत होतं, की कधीकाळी कुणीतरी एक घर बांधलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. शपथ घेतली होती. घेवडा चांगला झाला होता. पण जीभ वळवळली. "मग यांचं आडनाव एचेबेरिया का नाही? हे गोइको कोण?"

सायलीने चमचा खाली ठेवला. भाषांतर करेना. तिचा चेहरा बघून माझी पाचावर धारण बसली. मला तो फोटो पोस्टातून येताना दिसायला लागला. पण मिकेलला ‘गोइको’ कळलं, प्रश्नही कळला असावा, आणि त्याने तो आईला सांगून टाकला.

मिरेन माझ्याकडे बघतच राहिली. रागाने नाही, नवलाने. मग जे बोलली ते सायलीने हळू आवाजात मला सांगितलं. "त्या म्हणतात, मी वरच्या घरातली आहे. गोइकोएचेआ म्हणजे वरचं घर. आमच्याकडे बायका नाव बदलत नाहीत. मी लग्न केलं, मेले नव्हते."

म्हणजे दुसरं लग्न नाही, लपवाछपवी नाही. एक बाई आपल्या नावाने जगत होती, एवढंच प्रकरण.

"आणि तू?" मिरेनने विचारलं. "तुझं आधीचं नाव काय होतं?"

"नवघरे," मी म्हणाले. "कुसुम नवघरे. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, सुनंदा ठेवलं. आमच्यात ताटात तांदूळ पसरतात, आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो."

मिकेलने ते आईला सांगितलं. मिरेनने दोन बोटं दाखवली: दोन्ही? नाव आणि आडनाव, दोन्ही? मी मान हलवली. मग तिने अगदी साधेपणाने, हरवलेल्या वस्तूची चौकशी करावी तसं विचारलं, "मग ती कुसुम कुठे गेली?"

मला हजार उत्तरं येतात. स्थळ नाकारणाऱ्याला काय सांगायचं, हुंडा मागणाऱ्याला काय सुनवायचं, सगळं तोंडपाठ. या वेळी मी पेला पुढे ओढला. मी पाणी प्यायले. डोळ्यांतून का आलं तेही सांगता येत नाही. मी मिरचीवर ढकललं, आणि ती मिरची तर अजिबात तिखट नव्हती.

जिना उतरताना सायलीने माझा हात धरला. ती काही विचारायच्या आत मीच म्हटलं, "मला घेवड्याची पाककृती पाहिजे. विहिणीला सांग."

"विहिणीला?"

"मग काय शेजारणीला?"

ती तिथेच पायरीवर बसून रडली. मोठी मॅनेजर आहे म्हणे ऑफिसात.

ताट

पर्समधली तीन स्थळं मी दुसऱ्या दिवशी संघमित्राच्या हातात दिली. तिने तिन्ही वाचली. "काकू, हे तिघंही ‘जातीतलीच हवी’ म्हणतायत. मला काय उपयोग?" तशी ती वाक्यं मीच लिहून घेते सगळ्यांकडून, फॉर्मवर रकानाच आहे. मी ते कागद परत घेतले आणि तिला सांगितलं, "पहिल्या दिवशीच्या त्या ‘अच्छा’ची मला लाज वाटते गं." ती म्हणाली, "वाटू दे थोडे दिवस." बरोबरच होतं तिचं. मग तिनेच मला समुद्रावर फिरायला नेलं.

साखरपुडा सायलीच्या फ्लॅटवर झाला. पाहुणे म्हणजे आम्ही पाचजण आणि सिक्युरिटीचे काका. त्यांना मी लाडू दिला, या वेळी बिनप्रश्नाचा. खरं तर नाव लिहायचं ते लग्नानंतर, सासरी. पण ताट साताऱ्याहून आणलेलं, तांदूळ आणलेले, आणि पुन्हा सगळे कधी एकत्र येणार? मी ताटात तांदूळ पसरले. मिकेलने अंगठी हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "काय लिहू?"

"सायली," मी म्हणाले. "दुसरं काय लिहिणार?"

त्याने इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं. सायली इतकी हसत होती की तिने फोटोत डोळेच मिटलेत. टाळ्या झाल्या, पेढे झाले. मी ताट उचलायला वाकले, तेवढ्यात मिरेनने माझा हात बाजूला केला. ताट हलवून तिने तांदूळ पुन्हा सारखे केले आणि ते माझ्यासमोर सरकवलं. एकच शब्द बोलली. तो तिच्या लक्षात होता.

"कुसुम?"

मी म्हणणार होते, हे काय भलतंच, आमच्यात असं नसतं. पण बोट आधीच ताटात गेलं होतं. कु लिहिला. सु लिहिला. म लिहिताना आठवलं, हे नाव मी शेवटचं लिहिलं ते शाळेच्या वहीवर. मग खाली आडनाव लिहिलं, जागा पुरली नाही म्हणून रे ताटाच्या कडेला चढला.

संघमित्रा माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होती. "कुठले नवघरे तुम्ही, काकू?"

"इथलेच गं," मी म्हणाले.

नंतर सायली भाताला ताटातले तांदूळ मागायला आली. मी तिला दुकानात पाठवलं.